राणी पाकोळी बागेत येते, पण राहत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला घर, पुढे लहानशी बाग. पावसाळ्यात तळहाताएवढं काळं-निळं फुलपाखरू एक्झोऱ्यावर येतं, दोन मिनिटं थांबतं आणि निघून जातं. गच्चीवर कुंडीत कागदी लिंबू आहे, त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पडल्या आहेत. त्या याच फुलपाखराच्या का? आणि ते बागेत कायम राहावं यासाठी कोणती फुलझाडं लावावीत?

फुलपाखरू ओळखायला अवघड नाही. मखमली काळे पंख, पुढच्या पंखांवर शिरांच्या मधून निघालेल्या निळसर रेघा, मागच्या पंखांचा बाहेरचा अर्धा भाग फिकट निळा आणि त्यावर काळे ठिपके, मागच्या पंखांना शेपटी नाही. पंख मिटले की खालच्या बाजूला बुडाशी लाल ठिपके दिसतात. पसरलेल्या पंखांची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर. हे ब्लू मॉर्मन, म्हणजे आपली राणी पाकोळी. नीलवंत हे नावही आता रुळलं आहे. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. २०१५ साली महाराष्ट्राने ते राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं फुलपाखरू जाहीर करणारं आपलं राज्य देशात पहिलं.

कुंडीतल्या अळ्या मात्र बहुतेक तिच्या नाहीत. गच्चीवर, उन्हात, कोवळ्या पालवीवर अळ्या आहेत म्हटल्यावर दहापैकी नऊ वेळा त्या लिंबाळीच्या, म्हणजे लाइम बटरफ्लायच्या निघतात. उरलेल्यांत कॉमन मॉर्मनच्या असतात. तिन्ही एकाच घराण्यातली, तिन्हींच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात आणि तिन्हींच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेतात. म्हणून गोंधळ होतो. फरक कसा ओळखायचा ते पुढे येईलच.

नुसती फुलझाडं लावून राणी पाकोळी बागेत राहणार नाही. फुलं तिला बोलावतात, पण ठेवून घेतं ते अळीचं झाड, आणि तेही सावलीत उभं असलेलं. बागेत दिसणारी राणी पाकोळी बहुतेक वेळा वाटसरू असते. तिचं घर डोंगराच्या घळीत, ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात असतं.

हे घर कसं असतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण बागेत आपल्याला त्याचीच लहान आवृत्ती करायची आहे. नाशिक जिल्हा पावसाच्या बाबतीत एकसारखा नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, आणि पूर्वेला येवला-सिन्नरकडे त्याहून कमी. राणी पाकोळी मुळात पश्चिम घाटाच्या ओल्या रानाची रहिवासी. केरळ-कर्नाटकातल्या सदाहरित जंगलात ती विपुल असते, श्रीलंकेतही असते. आपल्याकडे ती घाटमाथ्याची कड धरून उत्तरेला येते आणि पुढे गुजरातेतही सापडते. म्हणून नाशिकमध्ये ती शोधायची ती इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात. त्यातही उघड्या सड्यावर किंवा गवताळ उतारावर नाही. अंजनेरीचा माथा १३०० मीटरच्या आसपास आहे. तिथे सपाटीवर तुम्हाला ती वाऱ्यावर जाताना दिसेल, पण अंडी घालायला ती खालच्या घळीतच उतरते.

घळीत काय असतं? उन्हाळ्यातही पूर्ण न सुकणारी ओल. वर आंबा, जांभूळ, उंबर, करंज अशा झाडांचं छत, त्यामुळे जमिनीलगत दुपारीही गारवा. वारा कमी. आणि या छताखाली, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत, लिंबाच्या कुळातली रानझुडपं: माकडलिंबू, किरमिरा, करवाघेटी. यांची पानं चुरगाळली की लिंबाचा वास येतो, ओळखायची सोपी खूण हीच. सह्याद्रीत राणी पाकोळीची अळी मुख्यतः याच झाडांवर वाढते. माणसाने लावलेल्या झाडांत पपनस तिला सर्वांत मानवतं. ईडलिंबू आणि मोठ्या पानांची इतर लिंबंही चालतात. कागदी लिंबावर क्वचित अंडी मिळतात, पण तेही झाड सावलीत असेल तर. कढीपत्ता घरोघरी असतो, म्हणून त्याबद्दल हमखास विचारलं जातं. त्यावर कॉमन मॉर्मन आणि लिंबाळी येतात. राणी पाकोळीसाठी कढीपत्त्यावर भिस्त ठेवू नका.

सावली आणि ऊन यांचं गणित थोडं गमतीचं आहे. नराला ऊन हवं असतं. तो पायवाटा, ओढ्यावरची मोकळी जागा, रानातल्या उजेडाच्या पट्ट्या धरून वरखाली होत वेगाने उडतो आणि ओल्या वाळूवर, चिखलावर बसून पाणी शोषतो. त्याला पाण्यापेक्षा त्यातले क्षार, विशेषतः सोडियम हवं असतं. मादी अंडी घालायला नेमकी उलट, सावलीत शिरते. म्हणजे एकाच ठिकाणी उघडीप आणि दाट सावली शेजारी शेजारी लागतात. ओढ्याकाठी हे आपोआप असतं. बंगल्याच्या बागेत सगळीकडे लॉन आणि कडेला कुंड्या असतात, तिथे ते नसतं.

आता अंडी घालणारी मादी कशी ओळखायची. फुलावर आलेलं फुलपाखरू सरळ येतं, सोंड खुपसतं, पंख थरथरवत राहतं. अंडी घालायला आलेली मादी हळू, रेंगाळत, जमिनीपासून फार वर न जाता झुडपांच्या आत-बाहेर करते. एका पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पानावर भराभर टपटप करते. त्या पायांवर चव कळणारे केस असतात, त्यातून पानातल्या रसायनांचा अंदाज तिला येतो. झाड चुकीचं असेल तर लगेच उठते. बरोबर असेल तर पोट वाकवून पानावर एकच अंडं चिकटवते आणि निघते. एका झाडावर ती अंड्यांचा सडा घालत नाही. म्हणून एकाच फांदीवर पाच-सहा अंडी दिसली तर ती राणी पाकोळीची असण्याची शक्यता कमी.

अंडं गोल, गुळगुळीत, फिकट हिरवट-पिवळसर, दीड मिलिमीटरच्या आसपास, लिंबाळीच्या अंड्यापेक्षा ठळकपणे मोठं. दोनेक दिवसांत ते नारिंगीकडे झुकतं आणि फुटण्याच्या आदल्या दिवशी आतलं काळपट डोकं दिसू लागतं. अंडं पूर्ण, एकसारखं काळं पडलं तर ते गेलं असं समजा. ट्रायकोग्रामासारख्या परजीवी गांधीलमाशीने आपली अंडी त्यात घातलेली असतात. टोमॅटो करणाऱ्या शेतकऱ्यांना ट्रायकोकार्ड, म्हणजे या माश्या शेतात सोडायचं कार्ड, माहीत असतं. शेतात जी माशी बोंडअळीची अंडी संपवते तिचेच भाऊबंद इथेही काम करतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, रानात हे असंच चालतं. अंडं ४ ते ६ दिवसांत फुटतं. बाहेर आलेली अळी सगळ्यात आधी अंड्याचं कवच खाते, ते काढून टाकू नका.

अळीच्या पाच अवस्था असतात. पहिल्या चार अवस्थांत ती हिरवट-तपकिरी, तेलकट-तुकतुकीत, मध्ये पांढरे डाग, हुबेहूब ओली विष्ठा. लिंबाळीची लहान अळी याउलट काळपट, कोरडी, निस्तेज आणि अंगावर बारीक काट्यांसारखे उंचवटे असलेली. तुमच्या कुंडीतल्या अळीला चमक आहे का, हे आधी पाहा. कॉमन मॉर्मनची अळीही तुकतुकीत असते, त्यामुळे तिच्यात आणि राणी पाकोळीत लहानपणी फरक करणं अवघड. पाचव्या अवस्थेपर्यंत थांबावं लागतं.

पाचव्या अवस्थेत अळी कात टाकते आणि एकदम हिरवी होते. छातीचा भाग फुगीर, त्यावर डोळ्यासारखा डाग, बाजूला तिरप्या पट्ट्या. लिंबाळीच्या पट्ट्या तपकिरी-काळ्या असतात आणि अळी ४ सेंटिमीटरच्या आसपास थांबते. कॉमन मॉर्मनची लांबी साधारण तेवढीच, पट्टी तपकिरी आणि तिला पांढरी कड. राणी पाकोळीची अळी ५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, पट्ट्या पांढुरक्या आणि डोळ्याच्या डागात निळसर छटा. शेजारी शेजारी ठेवल्या तर आकारावरूनच कळतं. फक्त फोटोवरून सांगायचं तर शेजारी पट्टी ठेवून वरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्या. नुसत्या वरून घेतलेल्या फोटोत पट्ट्यांचा रंग फसवतो.

डिवचलं की अळी डोक्यामागून दोन शिंगांसारखा मांसल काटा बाहेर काढते आणि उग्र वास येतो. हा अवयव या घराण्यातल्या सगळ्या अळ्यांना असतो. लहान अवस्थांत या वासात टर्पिनवर्गातली रसायनं असतात, पाचव्या अवस्थेत आंबूस सेंद्रिय आम्लं. मुंग्या आणि कोळी यांना ते दूर ठेवतं. मुलांना दाखवण्यासाठी पुन्हा पुन्हा डिवचू नका. अळीला ते द्रव्य पुन्हा तयार करायला शक्ती खर्चावी लागते.

अळी पानाच्या वरच्या बाजूला, मधल्या शिरेवर रेशमाची पातळ गादी विणून बसते. खायला तिथून उठते, खाऊन परत त्याच पानावर येते. कात टाकण्याआधी ती एक दिवसभर काही खात नाही, हलत नाही, डोक्यामागचा भाग सुजल्यासारखा दिसतो. घरी अळ्या वाढवणारे बहुतेक लोक इथेच चुकतात. अळी आजारी आहे असं समजून तिला उचलून ताज्या पानावर ठेवतात. पायांची गादीवरची पकड सुटते, मग जुनी कात अंगावरून सरकत नाही आणि अळी कातीत अडकून मरते. या दिवसात तिला हात लावायचाच नाही. जुनं पान वाळलं तरी ते पान तसंच ताज्या फांदीला टाचणीने किंवा दोऱ्याने अडकवा.

अळीचा काळ साधारण ३ ते ४ आठवडे. पावसाळी उबदार हवेत लवकर, डिसेंबरच्या थंडीत उशिरा. एका अळीसाठी पपनसाच्या दोनेक डझन मोठ्या पानांची तयारी ठेवा. यातली तीन चतुर्थांशाहून जास्त पानं शेवटच्या अवस्थेत, आठवडाभरात संपतात. दोन फुटी रोपावर तीन अळ्या आल्या तर रोप नागडं होतं आणि अळ्या उपाशी मरतात. पाच-सात फुटी झाडाला मात्र दहा अळ्यांनीही काही होत नाही. महिन्याभरात पालवी परत येते.

मध्येच झाड बदलू नका. पपनसावर वाढलेली अळी शेवटच्या अवस्थेत कागदी लिंबाचं पान पुष्कळदा नाकारते. घरातली पानं संपली तर त्याच झाडाची फांदी शोधा.

खाणं थांबलं की अळी पातळ, चिकट विष्ठा टाकून पोट रिकामं करते. पाहणारा घाबरतो, जुलाब झाले असं वाटतं. आजाराची विष्ठा वेगळी असते: तिला दुर्गंधी येते, अळी लिबलिबीत होऊन मागच्या पायांवर उलटी लटकते आणि अंग काळपट पाझरतं. हा विषाणू किंवा जिवाणूचा संसर्ग. अशी अळी, तिच्या खालची पानं आणि कागद ताबडतोब बाहेर काढून पुरा. डबा साबणाने धुऊन, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने पुसून, उन्हात पूर्ण वाळवा.

निरोगी अळी पोट रिकामं केल्यावर भटकायला लागते. कधी झाड सोडून दहा-पंधरा फूट लांब, भिंतीवर, कुंपणाच्या तारेवर जाते. बागेत कोष सापडत नाही याचं कारण हेच. जागा पसंत पडली की खाली रेशमाची गादी विणते आणि त्यावर मागचे पाय घट्ट रोवते. मग डोकं या बाजूपासून त्या बाजूपर्यंत नेत एक-एक धागा टाकत जाते, त्यातून अनेकपदरी गोफ तयार होतो आणि अळी त्याच्या आत डोकं घालून मागे रेलते. पट्टा बांधून माडावर चढलेला माणूस मागे रेलतो, तशी. एक दिवसाने शेवटची कात फुटते. कात शेपटीकडे जमा होताना अळीला काही क्षण पकड सोडून, नव्या टोकाचे बारीक आकडे गादीत रुतवावे लागतात. सगळ्यात जोखमीचा क्षण तो. त्या वेळी डबा हलवला तर कोष खाली पडतो.

कोष मध्ये वाकलेला, पुढे दोन टोकं. हिरव्या, गुळगुळीत काडीवर बसला तर हिरवा, खरखरीत सालीवर किंवा भिंतीवर बसला तर राखाडी-तपकिरी. रंग कोष होण्याआधीच ठरतो, नंतर बदलत नाही. म्हणून हिरवा कोष भिंतीवर नेऊन चिकटवू नका, पक्ष्यांना तो लांबून दिसेल. गोफ तुटला असेल किंवा कोष पडला असेल तर कागदाचा शंकू करून त्यात शेपटी खाली ठेवा आणि शंकू खरखरीत कापडाला टाचा. बाहेर येणाऱ्या फुलपाखराला चढायला लगेच खडबडीत पृष्ठभाग मिळायला हवा.

कोष साधारण दोन आठवडे. थंडीत तो लांबतो, तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. घाई करून फेकू नका. पंधरा-वीस दिवसांनी वजनाला जड आणि स्पर्शाला घट्ट असेल तर जिवंत आहे. हलका, पोकळ वाजणारा, बाजूला बारीक गोल भोक असलेला कोष संपलेला. ते भोक परजीवी गांधीलमाशीचं, ब्रॅकिमेरिया किंवा टेरोमॅलसचं. त्या माश्या नुकत्याच झालेल्या, मऊ कोषाला गाठतात. पहिले दोन दिवस जाळी लावली तर त्यांच्यापासून बरंच संरक्षण होतं. टॅकिनिड माशीच्या अळ्या मात्र कोषाच्या आतूनच बाहेर पडतात आणि रेशमाच्या दोरीसारखा धागा खाली लोंबत राहतो. तो दिसला की आत फुलपाखरू नाही.

बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोषातून काळे-निळे पंख दिसू लागतात. फुलपाखरू सहसा सकाळी बाहेर पडतं, वर चढून उलटं लटकतं आणि अर्ध्या तासात पंख ताणून घेतं. पंख कडक व्हायला आणखी दोन-तीन तास लागतात. या काळात ते लालसर-तपकिरी द्रव टाकतं, ते रक्त नाही, कोषातला टाकाऊ द्रव आहे. पंख सुरकुतलेले राहिले तर कारण बहुतेक तीनांपैकी एक असतं: लटकायला जागा अपुरी, हवा फार कोरडी, किंवा कोष पडून आपटलेला. जाळीच्या पिंजऱ्यात कोषाच्या खाली किमान २० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. नाशिकच्या मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की पिंजऱ्याच्या तळाशी ओलं फडकं ठेवावं लागतं. कोषावर थेट पाणी मारू नका.

पूर्ण वाढलेलं फुलपाखरू दोन-तीन आठवडे जगतं. एका वर्षात अनेक पिढ्या होतात. आपल्याकडे पावसाळा सुरू झाल्यावर संख्या वाढत जाते आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर ही खरी वेळ. त्यामुळे त्र्यंबकच्या बाजूला शोधायचं असेल तर जूनच्या पहिल्या सरीनंतर लगेच नव्हे, भर पावसानंतरच्या उघडिपीत, सकाळी नऊ ते अकरा, ओढा ओलांडणाऱ्या पायवाटेवर थांबा.

इथेच एक अडचण आहे आणि ती नाशिकचीच आहे. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते आणि त्यानंतर दोन-अडीच महिने बागांवर फवारण्या चालतात. राणी पाकोळीचा भर हंगाम आणि हा काळ एकमेकांवर येतात. दिंडोरी-निफाडकडच्या बागांच्या शेजारी घर असेल तर वाऱ्याने येणारा फवारा तुमच्या पपनसावर बसतो. झाड द्राक्षबागेच्या बाजूला न लावता घराच्या आडोशाला लावा, मध्ये तुती किंवा शेवग्याची दाट ओळ ठेवा. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी पानं भरपूर पाण्याने धुतली तर वरवरचं औषध निघतं. झाडात भिनणारं, आंतरप्रवाही औषध मात्र धुऊन निघत नाही.

नर्सरीतून आणलेल्या रोपाचीही हीच गोष्ट. लिंबूवर्गीय रोपांना नागअळी आणि सायला या किडी हमखास लागतात, म्हणून विक्रीआधी इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मातीतून दिलेलं असू शकतं. कुंडीतल्या झाडात त्याचा अंश कित्येक महिने टिकतो. पान हिरवंगार, अळीने खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी अळी आकडी आल्यासारखी वाकून मेली, तर कारण हेच. लिंबाळीच्या एक-दोन अळ्या त्या झाडावर आपणहून वाढून कोषात गेल्या की झाड निर्धोक समजा. तोवर त्यावर राणी पाकोळीची अळी सोडू नका. कडुनिंबाचं तेल 'नैसर्गिक' म्हणून लोक बिनधास्त मारतात. ते अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, म्हणजे फुलपाखराच्या झाडावर तेही नको. नागअळीची पानं हाताने तोडा, मावा पाण्याच्या झोताने पाडा.

डोंगरातही सगळं आलबेल नाही. फेब्रुवारी ते मे गवताला लागणारे वणवे उतारावरून घळीच्या तोंडापर्यंत येतात. मोठी झाडं वाचतात. जळतात ती कमरेएवढी झुडपं, म्हणजे नेमकी अळीची झाडं, आणि त्यांच्या आसपासच्या काड्यांवर असलेले कोष. वरवर पाहता रान हिरवं दिसतं, पण पुढच्या पावसाळ्यात मादीला अंडी घालायला पान नसतं. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथून किंवा कुठल्याही रानातून अळ्या, अंडी, माकडलिंबाची रोपं उचलून आणू नका. रान रिकामं करून बाग भरण्यात काही अर्थ नाही. शिवाय डोंगरातून उपटलेलं झुडूप काळ्या मातीत जगतही नाही.

बागेत करायचं ते असं. पपनस हेच मुख्य झाड धरा. जागा निवडताना सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन आणि अकरानंतर सावली, असा घराच्या पूर्वेचा कोपरा किंवा मोठ्या आंब्याची पूर्व बाजू बघा. गच्ची सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये तिथे झाड कसंबसं जगेल, पण मादी तिकडे फिरकणार नाही. नाशिकची काळी माती लिंबूवर्गीय मुळांना जड पडते, पाणी तुंबलं की मूळकूज आणि खोडावर डिंक्या येतो. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, तळाला अर्धा फूट मुरूम टाका, वर एक भाग त्याच खड्ड्यातली माती, एक भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा करा, पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात द्या. खोडाला पाणी टेकता कामा नये.

झाडाला फळासाठी वळण देतो तसं वळण इथे नको. फळबागेत जमिनीलगतच्या फांद्या छाटतात. इथे त्याच फांद्या ठेवायच्या, कारण मादी तीन ते सहा फुटांच्या उंचीवर अंडी घालते. शेंडा खुडून झाड झुडपासारखं, रुंद ठेवा. पायथ्याला पालापाचोळा साठू द्या, शेजारी हळद, कर्दळ, नेचे असं काहीतरी लावून गारवा धरा. त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर उन्हात फुलं: एक्झोरा, पेंटास, जास्वंद, मुसांडा. यांच्यात दुहेरी पाकळ्यांच्या जाती टाळा, त्यांत सोंड मधापर्यंत पोचत नाही. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण रानात ती झुडपांची जागा खाते, म्हणून बागेत मुद्दाम लावू नका. नळाखाली एका उथळ परातीत वाळू भरून ती ओली ठेवा, चिमूटभर मीठ किंवा मूठभर शेणखत मिसळा. पाणी साचू देऊ नका, वाळू फक्त दमट हवी. नर तिथे उतरतील.

रोप कुठून आणायचं याला बी हे सर्वांत खात्रीचं उत्तर, कारण त्यात औषधाचा प्रश्न येत नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत बाजारात पपनसं येतात. पिकलेल्या फळाच्या टपोऱ्या बिया काढा, धुवा आणि वाळवू न देता त्याच दिवशी पेरा. लिंबूवर्गीय बी वाळलं की उगवण झपाट्याने कमी होते. पिशवीत एक सेंटिमीटर खोल, सावलीत, माती दमट. तीन ते पाच आठवड्यांत कोंब येतो. बियांपासूनच्या पपनसाला फळ यायला बरीच वर्षं लागतात म्हणून लोक कलम घेतात, पण आपल्याला पानं हवी आहेत, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पुरेशी होतात. तोवर आलेल्या लिंबाळीच्या अळ्या मारू नका. रोप दोन फुटांपेक्षा लहान असेल तर एक-दोन ठेवून बाकीच्या कढीपत्त्यावर किंवा कागदी लिंबावर हलवा, मात्र त्या लहान असतानाच, कात टाकण्याच्या दिवसात नाही, आणि पानासकट.